चंद्रावर संशय, केळ्यांवर पहारा

१९६० ची कोजागिरी ४ ऑक्टोबरला होती. आपल्याकडे गच्च्यांवर दूध आटत होतं. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, एका दिवसाच्या आगेमागे, धोका ओळखणाऱ्या मंडळींना दोन जबर धडे मिळत होते. एक पाखरांनी दिला, दुसरा खुद्द चंद्रानं.

आधी पाखरं. ४ तारखेच्या संध्याकाळी बॉस्टनहून उडालेलं ईस्टर्न एअर लाइन्सचं विमान काही सेकंदांतच स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या याच कुळातल्या. एकेका पक्ष्याचं वजन शंभर ग्रॅमही भरत नाही, पण इंजिनांचा दम त्यांनी कोंडला. विमान बंदरालगतच्या पाण्यात कोसळलं आणि ७२ पैकी ६२ जण गेले. अवशेषांतली पिसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोचली. तिथल्या रॉक्सी लेबर्न या बाईंनी ती कुणाची हे ओळखलं आणि मग जन्मभर हाच उद्योग केला. पिसाचा एवढासा तुकडा पाहून त्या पक्ष्याचं नाव सांगत. आज त्या प्रयोगशाळेत विमानांच्या नाकाडांवरून आणि पंख्यांवरून खरवडलेला लगदा पाकिटांत भरून येतो. तिथल्या लोकांच्या बोलीत त्याला ‘स्नार्ज’ म्हणतात. पक्षी कोणता ते कळलं की त्याचं वजन कळतं, आणि वजन कळलं की इंजिन केवढ्या माराला टिकलं पाहिजे ते ठरवता येतं. त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी कळल्या तर धावपट्टीशेजारचं गवत किती वाढू द्यायचं, हेसुद्धा ठरतं. नव्या इंजिनांवर आणि काचांवर मेलेल्या कोंबड्या तोफेतून डागून पाहतात, ही थाप नव्हे. अशा तोफा खरंच आहेत.

आता चंद्र. ग्रीनलंडमधल्या थुलेच्या तळावर अमेरिकेनं रशियन क्षेपणास्त्रं हेरणारं नवंकोरं रडार बसवलं होतं. ५ ऑक्टोबरला या रडारनं कळवलं की मोठा हल्ला येतोय, आणि खात्री जवळजवळ शंभर टक्के. कोलोरॅडोतल्या अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण मुख्यालयात त्या वेळी कॅनडाचे एअर मार्शल रॉय स्लेमन होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला: रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह कुठे आहेत? उत्तर आलं, न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला. आपला नेता ज्या शहरात मुक्कामाला आहे त्या देशावर बॉम्ब कोण टाकणार? तपासाअंती कळलं की रडारच्या लहरी नॉर्वेच्या दिशेनं उगवणाऱ्या चंद्रावर आपटून परत येत होत्या. जाऊन-येऊन अडीच सेकंद लागत होते. पावणेचार लाख किलोमीटरवरून प्रतिध्वनी येऊ शकतो, हे यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं नव्हतं. कोजागिरीचा चंद्र ‘कोण जागं आहे?’ असं विचारतो म्हणतात. त्या वर्षी त्याला भलतीच माणसं जागी सापडली.

पाचच का?

तेवीस वर्षांनी हीच गंमत रशियाच्या वाट्याला आली, आणि या वेळी सूर्यामुळे. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळच्या एका गुप्त केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्यूटीवर होता. उपग्रहांनी इशारा दिला की अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटलंय. थोड्या वेळानं आणखी चार. पेत्रोव्हनं हिशेब केला. अमेरिका खरोखर युद्ध सुरू करणार असेल तर पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यानं वरिष्ठांना इशारा खोटा असल्याचं कळवलं. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला ज्वाळांसारखं दिसलं होतं.

या धंद्यातला खरा पेच तो हाच. खोटा इशारा खरा मानला तर अनर्थ, आणि खरा इशारा खोटा मानला तरी अनर्थ. दोन्ही चुका एकदम कमी करणारं बटण कुठल्याच यंत्रावर नसतं. एक कमी केली की दुसरी वाढते.

त्या महिन्यात दोन्ही बाजूंच्या नसा ताणलेल्या होत्या, कारण १ सप्टेंबरला रशियन लढाऊ विमानानं वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं होतं. त्यात २६९ माणसं गेली. विमान चुकलं ते दिशादर्शनातल्या घोटाळ्यामुळे. दोन आठवड्यांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून घोषणा झाली की लष्करासाठी उभारली जाणारी उपग्रह दिशादर्शन यंत्रणा तयार झाली की नागरी विमानांनाही खुली करू. तिचं नाव जीपीएस. आज पुण्याच्या पेठांतल्या बोळात ‘पुढच्या वळणावर डावीकडे’ सांगणाऱ्या बाईंचा वंश तिथवर जातो.

जळगावकरांनी रागावू नये

केळी किरणोत्सारी असतात. सगळीच, सगळीकडची. केळ्यात पोटॅशियम असतं, आणि निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. एका केळ्यात दर सेकंदाला साधारण पंधरा अणू फुटत असतात. यानं माणसाला काहीही होत नाही. शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकतं, तेव्हा डझनभर खाल्ली तर त्रास फक्त पोटाला.

पण बंदरांवरची यंत्रं माणसांहून हळवी. चोरून आणलेला अणुबॉम्बचा माल पकडण्यासाठी कंटेनर ज्या कमानींखालून नेतात, त्या कमानींना केळ्यांचा भरलेला कंटेनर संशयास्पद वाटू शकतो. मांजरांच्या विष्ठेसाठी वापरायची माती, फरशा, ग्रॅनाइट, सिरॅमिकची भांडी हीदेखील या यादीत आहेत. थायरॉइडच्या आजारावर किरणोत्सारी आयोडिन घेतलेला रुग्ण तर नंतर काही आठवडे चालता-बोलता इशारा असतो. त्यामुळे डॉक्टर त्याला प्रवासासाठी चिठ्ठी लिहून देतात.

मग ही यंत्रं म्हणजे नुसतीच कटकट? २००८ मध्ये फ्रान्समधल्या शेकडो लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली. माग काढत गेल्यावर तो भारतातल्या पोलादापर्यंत पोचला. कुठल्या तरी टाकून दिलेल्या उपकरणातलं कोबाल्ट-६० भंगारात आलं होतं आणि भट्टीत वितळलं होतं. दोन वर्षांनी दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून लिलावात गेलेलं जुनं उपकरण भंगारवाल्यांनी फोडलं. त्यातही कोबाल्ट-६० होतं, आणि एका माणसाचा जीव गेला. म्हणजे कमानीखाली केळी अडली तर शिव्या द्याव्यात, पण जरा बेतानं.

मरणाचं माप

दूध लिटरनं, सोनं तोळ्यानं, तसं मरणाच्या शक्यतेचंही एक माप आहे. ते स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी काढलं. मायक्रोमॉर्ट, म्हणजे दहा लाखांत एक. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या आकड्यांवरून काढलेल्या हिशेबात एक मायक्रोमॉर्ट खर्च होतो तो मोटारसायकलवर सुमारे १० किलोमीटरांत, मोटारीत सुमारे ३७० किलोमीटरांत आणि रेल्वेत जवळजवळ १० हजार किलोमीटरांत. त्या हिशेबानं मुंबई–पुणे बाइकवरून गेलात तर पंधरा मायक्रोमॉर्ट उडाले. रेल्वेनं तेवढेच उडवायला जवळपास पृथ्वीप्रदक्षिणा चार वेळा करावी लागेल. आपले रस्ते त्यांच्यापेक्षा कडक आहेत, तेव्हा आपला दर चढाच असणार. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेहून जास्त. एवढी माणसं रोज विमानातून पडली असती तर देशात दुसरी बातमीच छापून आली नसती.

चॉन्सी स्टार नावाच्या अभियंत्यानं १९६९ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचं निरीक्षण असं की माणूस स्वतःच्या मर्जीनं जेवढा धोका पत्करतो, त्याच्या साधारण हजारावा हिस्सा धोकासुद्धा दुसऱ्यानं लादला की त्याला सहन होत नाही. बाइकवर हेल्मेट हँडलला अडकवून ट्रिपल सीट जाणारे वीर मोबाइल टॉवरविरुद्धच्या मोर्चात पुढे का दिसतात, याचा खुलासा यात सापडतो.

भीतीपायी माणूस कमी धोक्यातून उठून जास्त धोक्यात जाऊन बसतो, याचा सर्वांत खिन्न करणारा दाखला ११ सप्टेंबर २००१ नंतरचा आहे. अमेरिकेत लोकांनी विमानं टाळली आणि गाड्या काढल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांच्या अंदाजानुसार पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर दीड हजारांच्या आसपास जादा मृत्यू झाले. त्या चार अपहृत विमानांत मेलेल्या प्रवाशांच्या कितीतरी पट. या मृत्यूंचं स्मारक कुठेही नाही, कारण त्यांतला नेमका कुठला ‘जादा’ हे कुणालाच सांगता येणार नाही.

उलट घाबरल्यानं फायदाही होतो. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे स्वीडननं अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे हलवली. पाचच्या जरा आधी गाड्या थांबल्या, बाजू बदलली आणि पाच वाजता निघाल्या. सगळ्यांना वाटलं होतं, आता रस्तोरस्ती हाडांचा चुरा होणार. झालं उलटंच. लोक इतके जपून चालवू लागले की अपघात कमी झाले. एक-दोन वर्षांत सवय झाली आणि अपघातही पूर्वीच्या जागी परतले.

आणि साहेबांचे आकडे व कामगारांचे आकडे यांतला फरक पाहायचा तर नासा. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटल्यावर चौकशीत रिचर्ड फाइनमन यांना दिसलं की वरिष्ठांच्या मते यान गमावण्याची शक्यता लाखात एक होती आणि अभियंत्यांच्या मते शंभरात एकच्या आसपास. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडलं तरी जवळपास तीनशे वर्षांत एखादंच गमवायचं. प्रत्यक्षात स्पेस शटलच्या १३५ उड्डाणांत दोन यानं गेली. दुसऱ्यात आपली कल्पना चावला होती.

भोकं नसलेली जागा

दुसऱ्या महायुद्धातली ही गोष्ट आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते, पण तिचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. बॉम्बफेक करून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजलं होतं. पंखांवर आणि धडावर पुष्कळ, इंजिनापाशी कमी. चिलखती पत्रा कुठे लावायचा? जिथे भोकं जास्त तिथे, असंच कुणीही म्हणेल. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड या गणितज्ञाचं म्हणणं उलटं: जिथे भोकं कमी दिसतात तिथे लावा. कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत, म्हणून ती मोजणीत नाहीत.

वाल्ड डिसेंबर १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले होते. पत्नीसह प्रवास करत असताना त्यांचं एअर इंडियाचं विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळलं. दोघेही गेले.

विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात, यालाही अपघातांचाच इतिहास आहे. ब्रिटनचं कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. त्याच्या खिडक्या बऱ्यापैकी चौकोनी होत्या. १९५४ मध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक, कोलकात्याहून उडाल्यावर काही मिनिटांत वादळात मोडलं होतं. इंग्रज अभियंत्यांनी मग अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आतला दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला, जणू ते हजारो वेळा उडतंय. शेवटी पत्रा थकून कोपऱ्यातून फाटला. चौकोनाच्या कोपऱ्यात ताण साठतो, वळणदार कडेवर पसरतो.

त्याच कॉमेटच्या चौकशीत भाग घेताना डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला वाटलं, कॉकपिटमधलं बोलणं कुणी टिपून ठेवलं असतं तर? त्याचे वडील १९३४ च्या विमान अपघातात गेले होते, तेव्हा हा नऊ वर्षांचा. त्याच्या ब्लॅक बॉक्सला मायदेशात आधी कुणी विचारलं नाही. रंग म्हणाल तर तो भडक नारिंगी असतो, म्हणजे ढिगाऱ्यात सापडावा.

उटीचा नातू

१९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर चाचणीत उडालं, चढलं आणि पडलं. यंत्रात काही दोष नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती. वैमानिक कसलेला होता. गंमत बघा, उपाय म्हणून कुणी आणखी कसलेला वैमानिक शोधला नाही की प्रशिक्षणही लांबवलं नाही. एक कागद काढला. उडण्याआधी हे, उतरण्याआधी ते. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून महायुद्धात हजारोंनी उडालं.

हा कागद सत्तर वर्षांनी शस्त्रक्रियागृहात नेला तो अतुल गवांदे यांनी. बॉस्टनचे शल्यविशारद, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी केली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, भूल देण्याआधी तपासणी झाली का, शेवटी कापूस-सुया मोजल्या का. एक मुद्दा तर असा की हात घालण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. मोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. पण जिला एकदा तोंड उघडून नाव सांगायला लावलं, ती परिचारिका पुढे ‘साहेब, बाजू चुकतेय’ हेही म्हणू शकते. दिल्लीपासून सिअ‍ॅटलपर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. खर्च कागदाचा. माझ्या मते या लेखातली सर्वांत भारी गोष्ट हीच, आणि तिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

पिवळे स्लीपर आणि घाटातला थांबा

मुंबईत लोकलच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांतली बरीच रूळ ओलांडताना. पाट्या लावल्या, दंड केले, भिंती घातल्या आणि लोकांनी भिंतींना भोकं पाडली. २००९–१० च्या सुमारास फायनलमाइल या मुंबईतल्या संस्थेनं वडाळ्याला वेगळंच काही करून पाहिलं. मोठी वस्तू माणसाला आहे त्याहून हळू येतेय असं भासतं. गाडी लांब आहे असं वाटतं आणि ती अंगावर येते. म्हणून त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. पिवळे पट्टे भराभर गिळत येणारी गाडी पाहिली की वेगाचा अंदाज बरा येतो. मोटरमननं एक लांब शिट्टी मारण्याऐवजी दोन आखूड मारायच्या, कारण मधल्या शांततेनं कान टवकारतात. आणि पाटीवर उपदेश नको. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा किंचाळता चेहरा, तीन चित्रांत. वडाळ्याचे मृत्यू घटले. रंगाचा डबा केवढ्याला येतो?

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना एक्स्प्रेस मध्येच थांबते आणि डब्यात ‘सिग्नल नसेल’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा तो थांबा ब्रेकच्या परीक्षेचा असतो. घाटात कॅच सायडिंग असते, म्हणजे मुख्य रुळातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा फाटा. सांधा नेहमी त्या फाट्याच्या बाजूनं लावलेला असतो. गाडी आधी थांबून दाखवते, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. थांबता आलं नाही, तर ती आपोआप चढावर जाऊन अडकते, खाली गावात जात नाही. कसाऱ्याच्या घाटातही हीच पद्धत.

कोकण रेल्वेनं तर कासवाची चालच वेळापत्रकात घातली आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम हळू धावतात आणि वेगळं पावसाळी वेळापत्रक निघतं. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे झालेले अपघात कोकणानं पाहिले आहेत. आता गस्तीवाले रात्रभर रूळ तुडवतात, स्थानकांवर पाऊस मोजला जातो, सावित्री-वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी आणि रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग टिपला जातो. गणपतीला जाताना गाडीला उशीर झाला म्हणून चरफडणाऱ्या चाकरमान्यांनी त्यातला थोडा उशीर गस्तीवाल्यांच्या नावे जमा करावा.

उंदीर: आरोपी आणि पदकविजेता

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखलं गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगास यांनी. धोबी तलावला त्यांचा पुतळा आहे. सरकारनं १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं. हाच कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा कपाटातून काढावा लागला. पण १८९७ ची अंमलबजावणी इतकी रांगडी होती की पुण्यात लोकांना प्लेगहून प्लेग अधिकारी रँडची दहशत वाटू लागली. त्याचा शेवट चापेकर बंधूंच्या गोळीनं कसा झाला, ते शाळेत शिकलेलं आहेच.

दरम्यान ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना. पाच वर्षांनी पंजाबातल्या एका गावात लस दिलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले, आणि खापर हाफकिनवर फुटलं. दोष एकाच बाटलीचा होता. निर्दोष ठरायला त्यांना काही वर्षं लागली. परळची संस्था आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

१९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेग पुन्हा डोकावला. मृत्यू पन्नाशीच्या आसपास. पण लाखो लोक सुरत सोडून पळाले, दूरदूरच्या शहरांत टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून गायब झालं आणि आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली. क्षयरोगानं त्याच काळात देशात रोज याहून कितीतरी जास्त माणसं मरत होती. कुणी शहर सोडलं नाही.

उंदरांच्या कुळाची बाजूही ऐकून घ्यावी. टांझानियात जन्मलेला मगावा नावाचा थैलीगालाचा थोराड उंदीर कंबोडियात वासावरून भूसुरुंग शोधायचा. वजन इतकं कमी की सुरुंगावर उभा राहिला तरी तो फुटत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका संस्थेनं त्याला शौर्याचं सुवर्णपदक दिलं. एवढंसं पदक, गळ्यात घालता येईल असं. त्याचेच भाऊबंद थुंकीच्या नमुन्यांतून क्षयरोग हुंगून काढतात. मुंबईला या बाबतीत आपला झंजीर आठवेल. १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर या लॅब्रॅडॉर कुत्र्यानं तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकलं. पगार खाण्याएवढाच.

विंचू, उल्का आणि गटार

महाड परिसरात लाल विंचू चावला की दर दहांतले चार दगावायचे. सत्तरच्या दशकात तिथे आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी करत राहिले. विषानं हृदयावर ताण येतो, हे ओळखून त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरलं. मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. तालुक्याच्या गावातल्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या, आणि २०२२ मध्ये पद्मश्री.

विंचवाहून मोठा पाहुणा २०२५ च्या फेब्रुवारीत चर्चेत होता. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चढत चढत ३.१ टक्क्यांवर गेली. एवढ्या आकाराच्या लघुग्रहाच्या बाबतीत आजवरचा सर्वांत मोठा आकडा. तो पडू शकेल अशा पट्ट्यात मुंबईही होती. आठवड्याभरात आकडा शून्यापाशी आला. लोक म्हणाले, शास्त्रज्ञांनी घोळ घातला. घोळ नव्हता. निरीक्षणं वाढतात तसा लघुग्रहाच्या संभाव्य वाटांचा पट्टा अरुंद होत जातो. पृथ्वी अजून त्या पट्ट्यात असेल, तर पट्ट्याचा मोठा हिस्सा ती अडवते आणि टक्केवारी वाढत जाते. मग एक दिवस पट्टा पृथ्वीवरून सरकतो आणि टक्केवारी धपकन पडते. म्हणजे आकडा चढणं हे पुष्कळदा निर्धास्त होण्याच्या आधीचंच पाऊल असतं. बाकी असे पाहुणे येऊन गेल्याचा पुरावा हवा असेल तर बुलढाण्यात लोणारला जाऊन या. बेसाल्ट खडकात जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर.

आणि गटार. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने परळच्या प्रयोगशाळेत पोलिओच्या विषाणूसाठी तपासले जातात. एक मूल लुळं पडतं तेव्हा त्याच्यामागे काहीच लक्षणं न दिसणारी शेकडो बाधित मुलं असतात. त्यांच्या घरी कुणी पोचत नाही, पण त्यांचं सांडपाणी पोचतं. भारताला २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं ते अशा वास मारणाऱ्या बाटल्यांच्या भरवशावर. कोविडनंतर काही देशांत लांब पल्ल्याच्या विमानांच्या संडासातलं पाणीही तपासू लागले.

आता एक असा आजार, जो आपल्याकडे कधीच आला नाही. पीतज्वर. तो पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यू देतो तोच. रोगाविरुद्ध ताकद कुणात नाही. एकदा विषाणू आला की त्याला मोकळं रान. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्या प्रत्येकाला लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. जहाजावर नोकरी करणारा गोव्याचा तारवटी ते पासपोर्टाच्या आतच ठेवतो. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, पण टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ती ग्राह्य धरतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन भागत नाही. आणि कार्ड घरी विसरून उतरलात, तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी वाद घालत बसत नाहीत. सहा दिवसांपर्यंत सरकारी विलगीकरण, जाळीच्या खिडक्या, जेवण वेळेवर.